पहाटेपुरती ऊब

पेडणे किंवा डिचोलीच्या एखाद्या घरात लोकर आणि सुया बाहेर निघाल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गोव्यात थंडी असते कुठे? प्रश्न रास्त आहे. ऐन जानेवारीतही आपल्याकडे रात्रीचा पारा साधारण १९-२० अंशांच्या आसपास थांबतो आणि दुपारी तोच तीसच्या पुढे गेलेला असतो. नमुन्यांच्या पुस्तकांत मात्र सिमला, दिल्लीची थंडी धरलेली असते. त्यातला जाड गळ्याचा स्वेटर हौसेने विणला की तो एकदा फोटोपुरता अंगावर चढतो आणि मग कपाटात जातो.

तरी थंडी वाजते, आणि ज्यांना वाजते त्यांना चांगलीच वाजते. चांदेल, हसापूर, इब्रामपूरकडे नदीकाठच्या धुक्यातून पहाटे दुचाकीवरून कामाला निघणारा मुलगा कानाला पंचा गुंडाळून जातो. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची बोटं हँडलवर गारठलेली असतात. समुद्राजवळच्या मोरजी-मांद्र्यापेक्षा आतल्या गावांत पहाट जास्त गार असते, कारण समुद्र आपल्या काठची हवा फार थंड होऊ देत नाही. कार्तिक लागला की जत्रा सुरू होतात आणि पेडण्याच्या देवळांपुढे दशावतारी नाटकं रात्रभर चालतात. पहाटेच्या सुमाराला मांडवात बसलेल्या आजी पदर डोक्यावरून ओढून आणखी आणखी आक्रसत जातात. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापुरात वाळवंटीच्या काठावर उशिरापर्यंत उभं राहिलेल्यांना तो गारवा ठाऊक आहे. शिवाय रात्रपाळीला रात्रभर एसीत बसणारी मुलं-मुली आहेत. पुण्या-मुंबईला निघालेल्या स्लीपर बसमधला गारठा तर बारमाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच: गोव्यात विणायचं असेल तर आधी सुया घेऊ नका, माणूस बघा. त्याला थंडी नेमकी कुठल्या वेळी वाजते, किती वेळ वाजते, अंगाच्या कुठल्या भागाला वाजते आणि ऊन वर आलं की ती वस्तू तो कुठे ठेवणार, हे विचारा. आपल्याकडची ऊब बहुतेक पहाटे पाच ते आठपर्यंतची असते. तेवढ्यापुरती चढवता यावी, आठ वाजता काढून खिशात किंवा डिकीत कोंबता यावी, घामट झाली तर घरी धुता यावी. या तीन कसोट्यांवर स्वेटर नापास होतो. गळपट्टा, टोपी, बोटं उघडी असलेले हातमोजे आणि हलकी शाल पास होतात. नव्याने शिकणाऱ्यालाही या छोट्या वस्तू सोयीच्या, कारण त्या पुऱ्या होतात. अर्धवट राहिलेला स्वेटर उत्साह मारून टाकतो.

कधी सुरुवात करायची? पावसाळ्यात हात दमट, लोकर दमट, आणि चवथ जवळ आली की घरातल्या बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते. चवथ आटोपली, नवरात्र सुरू झालं की टाके घाला. पेडण्याच्या पुनवेपर्यंत हात बसतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत एखादी वस्तू सहज पुरी होते. तोवर पहाटे गारवा जाणवू लागलेला असतो, म्हणजे देणं वेळेवर पोहोचतं.

लोकर कशी निवडावी

दुकानात 'बेबी वूल' म्हणून जे मिळतं ते बहुतेकदा अ‍ॅक्रेलिक असतं, म्हणजे कृत्रिम धागा. त्यात वाईट काही नाही. ते स्वस्त आहे, रंग टिकतात, मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही. पण ते घाम शोषत नाही. मेंढीची खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. आपल्या दमट हवेत हा गुण मोठा आहे. मात्र ती महाग, धुताना नाजूक, आणि काहींना टोचते. तिसरा पर्याय सुती धाग्याचा, किंवा सूत आणि अ‍ॅक्रेलिक एकत्र असलेल्या धाग्याचा. डिचोलीच्या माणसाला वर्षातली तीन महिन्यांची थंडी या मिश्र धाग्यात आरामात निघते. थोडक्यात, गोव्यातच वापरायचं असेल तर सुती किंवा मिश्र धागा, बेळगाव-पुण्यात वापरायचं असेल तर चांगलं अ‍ॅक्रेलिक किंवा खरी लोकर, आणि परदेशात राहणाऱ्यासाठी शक्य तर खरी लोकर.

लेबलवर विश्वास बसत नसेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीवर पेटवून बघा. खरी लोकर सावकाश जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरडते. अ‍ॅक्रेलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. सूत कागदासारखं भुरभुर जळतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली बाई अ‍ॅक्रेलिकची शाल पांघरून चुलीजवळ किंवा गॅसजवळ उभी राहत नाही. आजीला शाल देताना हे तिला सांगाच, कारण पहाटे चुलीपुढे शेकत बसणं आपल्या गावांत अजून चालतं.

घरात घोंगडी असेल तर तीही हातात घेऊन बघा. धनगरांच्या दख्खनी मेंढीची ती लोकर पावसाला आणि वाऱ्याला दाद देत नाही, पण राठ असते. पाठीवर घ्यायला उत्तम, गळ्याला आणि कानाला मात्र खुपते. त्वचेला लागणाऱ्या वस्तूचा धागा गालाला किंवा हनुवटीखाली घासून पाहूनच घ्यावा. बोटांना जे कळत नाही ते मानेला कळतं.

लोकर शिवणसाहित्याच्या दुकानांत मिळते. डिचोलीत किंवा पेडण्यात हवा तो रंग मिळाला नाही तर म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेल्यावर चौकशी करावी. नाहीतर लुधियानाच्या वर्धमान, ओसवालसारख्या कंपन्यांची लोकर घरबसल्या मागवता येते. एक नियम पाळा: वस्तूला लागणारी सगळी लोकर एकदम घ्या आणि प्रत्येक गुंड्यावरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा. रंगाचं नाव तेच असलं तरी दुसऱ्या लॉटचा निळा उजेडात वेगळा दिसतो, आणि मफलरच्या मधोमध तो पट्टा डोळ्यात भरतो.

सुयांच्या नंबराचा घोळ पुष्कळांचा होतो. आपल्याकडे जुने नंबर अजून चालतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबरची सुई ४ मिलिमीटर, सात नंबरची साडेचार, दहा नंबरची सव्वातीन. इंटरनेटवरचे नमुने मिलिमीटरमध्ये असतात, त्यामुळे दोन्ही आकडे ठाऊक असावेत. नवख्याने आठ नंबरच्या सुया, मध्यम जाडीची फिक्या रंगाची लोकर, बोथट टोकाची लोकरीची सुई आणि क्रोशाचा एक आकडा एवढं घ्यावं. काळी किंवा गडद निळी लोकर पहिल्या वस्तूला नको, रात्रीच्या दिव्यात टाके दिसत नाहीत.

आधी एक चौकोन

बहुतेकजणी हे टाळतात आणि तिथेच फसतात. ३० टाके घाला, १२ सेंटिमीटर विणा, बंद करा, धुवा, सपाट वाळवा, मग मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आले ते पट्टी ठेवून मोजा. आठ नंबरच्या सुईवर मध्यम लोकरीचे साधारण २२ येतात. तुमचे २४ आले तर हात घट्ट आहे, सात नंबरची सुई घ्या. फरक किरकोळ वाटतो, पण ११० टाक्यांची टोपी २२ च्या हिशोबाने ५० सेंटिमीटर होते आणि २४ च्या हिशोबाने ४६ सुद्धा पुरी होत नाही. तेवढ्याने ती मोठ्या माणसाच्या कपाळावर आवळते. धुण्याची पायरीही गाळू नका. सुती धागा धुतल्यावर बसतो आणि टोपीचं माप बदलतं.

मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. दोन्ही बाजूंनी सगळ्या ओळी सुलट विणल्या की कापड सपाट राहतं, जाडसर होतं, कडा वळत नाहीत. मफलरला, गळपट्ट्याला हेच घ्या. एक ओळ सुलट, एक उलट केली की समोरून गुळगुळीत दिसतं, पण कडा गुंडाळतात, म्हणून त्याला काठ लागतो. दोन सुलट दोन उलट असा काठ विणला की कापड ताणतं आणि पुन्हा जागेवर येतं, म्हणून मनगट, कपाळ, घोटा यांना तो. ऊब मिळते ती लोकरीत अडकलेल्या हवेमुळे. फार आवळून विणलं तर हवा अडकायला जागा उरत नाही, आणि फार सैल विणलं तर ती टिकत नाही. हात सहज फिरेल इतपत ताण ठेवा.

टाका गळला की नवख्याचं काळीज लक्कन हलतं आणि सगळं उसवलं जातं. तसं करायची गरज नसते. काम सपाट टेबलावर ठेवा, ओढू नका. गळलेला टाका दोनतीन ओळी खाली गेलेला दिसेल आणि त्याच्या वर आडवे सुटे धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसतील. सुलट बाजू समोर घ्या, क्रोशाचा आकडा समोरून त्या टाक्यात घाला, सगळ्यात खालची पायरी आकड्यात पकडून टाक्यातून बाहेर काढा. नवा टाका तयार होतो. मग त्याच्या वरची पायरी. सगळ्या पायऱ्या संपल्या की टाका डाव्या सुईवर ठेवून द्या. सगळं सुलट विणलेलं असेल तर एक पायरी समोरून आणि एक मागून अशी आळीपाळीने ओढावी लागते. हे एकदा जमलं की भीती जाते.

दुचाकीवाल्यासाठी

गोव्यात लोकर विणून द्यायची तर सगळ्यात उपयोगी वस्तू दुचाकीवरच्या माणसासाठी होते. इथे मी लांब मफलरच्या ठाम विरोधात आहे. सुटी टोकं वाऱ्याने मागे उडतात आणि चाकात किंवा चेनमध्ये सापडतात. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका सप्टेंबर १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात गेली ती उघड्या मोटारीच्या चाकात लांब स्कार्फ अडकून. ओढणी अडकून होणारे अपघात आपल्याकडेही ऐकू येतात. म्हणून दुचाकीवाल्याला टोकं नसलेला, गोल शिवलेला गळपट्टा द्या.

आठ नंबरच्या सुईवर ४४ टाके घाला. सगळ्या ओळी सुलट. साधारण २० सेंटिमीटर रुंदीची पट्टी होते. ती ५८ सेंटिमीटर लांब झाली की डोक्यातून घालून बघा, कानांवरून अडचण न होता उतरली पाहिजे. टाके सैल हाताने बंद करा, कारण घट्ट बंद केलेली कड ताणत नाही. दोन टोकं जोडून लोकरीच्या सुईने शिवा. साठ-सत्तर ग्रॅम लोकर लागते. पहाटे तो नाकापर्यंत वर ओढायचा, ऊन आलं की गळ्यात खाली, आणि पोचल्यावर डिकीत.

हेल्मेटखाली जाड टोपी घालू नये. हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही आणि वेळ आली तर त्याचा उपयोग होत नाही. कानाला वारा लागतो म्हणून तक्रार असेल तर गळपट्टाच कानावरून घ्यावा आणि पट्टा नेहमीइतकाच घट्ट लागतो का ते पाहावं. लागत नसेल तर आणखी बारीक धाग्याचा गळपट्टा विणा.

हातांसाठी बोटं उघडी असलेले मोजे. बोटं झाकली तर ब्रेक, चावी, मोबाइल, सुटे पैसे, सगळंच अवघड होतं. ३८ टाके घाला, सगळं सुलट विणत १७ सेंटिमीटरचा चौकोन करा. घातलेली आणि बंद केलेली कड एकावर एक आणून बाजू शिवा: मनगटाकडून ९ सेंटिमीटर शिवण, मग अंगठ्यासाठी साडेचार सेंटिमीटर मोकळी जागा, पुढचे साडेतीन पुन्हा शिवण. असे दोन. मोठ्या हाताच्या माणसाला चौकोन दोन सेंटिमीटर लांब करायचा. पोदेराला, दूधवाल्याला, मासळी घेऊन पहाटे निघणाऱ्या बाईला देण्यासारखी यापेक्षा सोपी वस्तू मला माहीत नाही. मासळीवालीला द्यायचे असतील तर सुती धाग्याचे द्या, ते रोज धुता येतात.

जत्रेला जाणाऱ्यांसाठी टोपी

मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५४ ते ५८ सेंटिमीटर. टोपी त्याहून पाचेक सेंटिमीटर कमी ठेवली की ताणून नीट बसते. आठ नंबरच्या सुईवर ११० टाके घाला. दोन सुलट दोन उलट, शेवट दोन सुलटने. परतीच्या ओळीत उलट्याला उलट, सुलट्याला सुलट. असा सहा सेंटिमीटर काठ झाला की एक ओळ सुलट एक ओळ उलट सुरू करा आणि सुरुवातीपासून १४ सेंटिमीटर होईपर्यंत विणा.

आता माथा. सुलट ओळीत कडेचा एक टाका विणा, मग दहा सुलट आणि दोनांचा एक, असं नऊ वेळा, शेवटी कडेचा एक. ओळीत नऊ टाके कमी होऊन १०१ उरतात. परतीची ओळ पूर्ण उलट. पुढच्या सुलट ओळीत दहाच्या जागी नऊ सुलट आणि दोनांचा एक. मग आठ, मग सात. प्रत्येक सुलट ओळीला एक आकडा कमी होत जातो. एक सुलट आणि दोनांचा एक ही ओळ झाली की सुईवर २० टाके असतात. एक ओळ उलट, आणि नंतर कडेचे दोन सोडून सगळे दोनांचा एक. उरलेल्या ११ टाक्यांतून लोकर ओवून घट्ट ओढा आणि त्याच धाग्याने खालपर्यंत बाजू शिवा. शिवताना दोन्ही कडांचा एकेक टाका आत गेला की काठाचं दोन-सुलट-दोन-उलट जोडावरही अखंड दिसतं. दशावतार बघायला जाणाऱ्या आजोबांना काठ आणखी चार सेंटिमीटर लांब करून द्या, म्हणजे तो कानांखालपर्यंत येतो आणि नको तेव्हा दुमडता येतो.

आजीसाठी टोपीपेक्षा त्रिकोणी शाल बरी, कारण अंबाड्यावर टोपी बसत नाही आणि बहुतेकींना ती आवडतही नाही. या शालीत मोजमापाची कटकट नाही. तीन टाके घाला, सगळं सुलट विणा आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवा. त्रिकोण आपोआप मोठा होत जातो. लांब सुयांऐवजी ८० सेंटिमीटरची गोल सुई घेतली तर एवढे टाके मावतात आणि वजन मनगटावर येत नाही. सात किंवा सहा नंबरच्या सुईने थोडी सैल विणावी, म्हणजे शाल हलकी राहते. खांद्यांवरून पुढे येऊन टोकं मांडीवर पडली की थांबा. तेव्हा साधारण अडीचशे टाके आणि अडीचशे ग्रॅम लोकर झालेली असते. रंग तिला विचारून घ्या. आजीला शोभेल म्हणून आपण राखाडी घेतो आणि तिच्या मनात हिरवा असतो.

म्हाताऱ्या माणसांना पायमोजे द्यायची हौस सगळ्यांना असते. गुळगुळीत टाइल्सवर लोकरीचे मोजे घसरतात आणि त्या वयातलं पडणं फार महागात जातं. द्यायचेच असतील तर अंगठा वेगळा असलेले विणा, म्हणजे ते चपलेत घालता येतात, नाहीतर तळव्याला रबरी पट्टी शिवून घ्या. पाय झोपेतच गार पडत असतील तर अंथरुणापुरते, आणि उठताना काढायचे, असं घरातल्यांनी लक्ष ठेवावं. गुडघेदुखीवाल्यांसाठी दोन सुलट दोन उलटची गोल पट्टी सैल विणावी. ती रक्ताभिसरण आवळेल इतकी घट्ट नसावी: काढल्यावर कातडीवर वळ दिसला तर मोठी करा.

बाळंतविडा

मराठी घरांतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मायेचं विणकाम म्हणजे बाळंतविडा: टोपडं, मोजे, कुंची, झबलं, दुपटं. मैत्रिणीला सातवा लागला की इकडे सुया सुरू होतात. माझी कळकळीची विनंती आहे की गोव्यातल्या बाळासाठी यातला बहुतेक भाग सुती धाग्याने करावा. तान्ह्या बाळाला आपल्यापेक्षा लवकर उकडतं आणि त्याला सांगता येत नाही. डोक्यावाटे त्याची बरीच उष्णता बाहेर पडत असते, म्हणून घरात झोपवताना टोपडं काढून ठेवावं. बाहेर वाऱ्यात नेताना घालावं. हात-पाय गार लागले म्हणून लगेच थर चढवू नका. मानेच्या मागे किंवा पोटाला हात लावून बघा, तिथे घाम असेल तर बाळाला उकडतंय.

नवजात बाळाचं डोकं ३३ ते ३६ सेंटिमीटर, वर्षाचं झाल्यावर ४५-४६. बारीक धागा आणि दहा नंबरची सुई घ्या आणि टोपडं सहा महिन्यांच्या मापाचं करा, कारण नवजाताचं टोपडं काही आठवड्यांत लहान होतं. गळ्याला बांधायच्या लांब नाड्या, मणी, गोंडे, सैल शिवलेली बटणं नकोत. लोकरीचे हातमोजे विणत असाल तर आतली बाजू बाहेर काढून पुन्हा पुन्हा तपासा. आत लोंबणारा एक धागा बाळाच्या बोटाभोवती फिरून आवळतो आणि रडण्याचं कारण कोणाला कळत नाही. टोकं लोकरीच्या सुईने कापडात आडवी-उभी ओवून मगच कापा. खरं तर हातमोज्यांपेक्षा मोठ्या चौकोनांचं दुपटं द्यावं. ते बाळ मोठं झालं तरी वापरात राहतं.

ज्यांच्या हातात सुयांपेक्षा क्रोशा बसलेला आहे, आणि गोव्यात अशा हातांची कमतरता नाही, त्यांनी दुपटं आणि गळपट्टा खुशाल क्रोशाने करावा. ज्या हातांनी टेबलावरचे रुमाल आणि तोरणं केली त्यांना साखळी, मुका खांब आणि खांब एवढ्यावर हे जमतं. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. क्रोशाचं कापड जास्त लोकर खातं आणि जाड होतं, म्हणून आकडा एक माप मोठा घ्यावा. टोपीचा काठ मात्र सुयांवर केलेला जास्त ताणतो.

दूरच्या माणसांसाठी

सांखळीहून चोर्ला घाट चढून बेळगाव गाठलं की हवा बदलते. ते गाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे आणि डिसेंबरात तिथली सकाळ आपल्याहून बरीच गार असते. तिथे शिकणाऱ्या मुलाला खरी टोपी आणि खरा मफलर लागतो. मफलरसाठी ४० ते ४४ टाके, सगळं सुलट, दीड मीटरपर्यंत लांब. दीड-दोनशे ग्रॅम लोकर. हा पहिल्यांदा शिकणाऱ्याचा उत्तम अभ्यास आहे, शेवटच्या हातभर लांबीत हात किती सरळ झाला ते स्वतःलाच दिसतं.

इंग्लंडात स्विंडनसारख्या गावात गोव्याची कितीतरी कुटुंबं आहेत, आणि कुणाचं तरी कुणी आता मोप्याहून उडून पलीकडे जातच असतं. त्यांच्यासाठी विणताना भावनेच्या भरात विणू नका, फोन करून विचारा. कोटाचा रंग कुठला? कपडे हाताने धुतात की मशीनमध्ये? खरी लोकर गरम पाण्याच्या मशीनमध्ये गेली तर आकसून लहान आणि घट्ट होते आणि परत येत नाही, म्हणून मशीन वापरणाऱ्यासाठी लेबलवर मशीनमध्ये धुता येईल असं लिहिलेली लोकर घ्यावी. घरातल्या मोठ्यांपैकी कोणाचं तरी डोकं मोजून अंदाजाने टोपी करण्यापेक्षा त्यांना दोरीने डोकं मोजून आकडा कळवायला सांगा. बॅगेत वजनाची अडचण असते, तेव्हा टोपी, हातमोजे आणि गळपट्टा मिळून पाव किलोच्या आत राहतात, हे स्वेटरपेक्षा परवडतं.

१९६२ च्या चीन युद्धात देशभरच्या बायकांनी हिमालयातल्या जवानांसाठी स्वेटर, मोजे विणून पाठवले होते. कधी न पाहिलेल्या माणसाच्या मापाचं विणायचं तर नमुना साधा आणि ताणणारा ठेवावा लागतो. दूरच्या नातलगांच्या मुलांसाठी विणताना तोच विचार उपयोगी पडतो: माप माहीत नसेल तर दोन सुलट दोन उलट सगळीकडे.

धुणं आणि ठेवणं

विणलेली वस्तू गार पाण्यात, सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवावी. घासू नये, पिळू नये. टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढावं आणि चटईवर सावलीत सपाट वाळत घालावी. दोरीवर टांगलेली ओली शाल स्वतःच्या वजनाने लांब होते आणि तशीच राहते.

शिमगा झाला की लोकरीचे कपडे आवरायचे. आपल्याकडे खरी परीक्षा पुढच्या चार महिन्यांच्या पावसाची. मळ आणि घाम राहिलेल्या लोकरीला आधी कसर लागते, दमट राहिलेल्या सगळ्याच कपड्यांना बुरशी येते. म्हणून धुऊन, दोन दिवस हवेत पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात सुकलेल्या कडुलिंबाच्या पानांबरोबर ठेवावं आणि जूनपूर्वी एकदा उघडून बघावं. श्रावणात ऊन पडलं तर पुन्हा एकदा हवेला काढावं. डांबरगोळी वापरणाऱ्यांनी एक पाळावं: बाळाच्या कपड्यांत ती अजिबात नको. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते आणि डांबरगोळीच्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. ही कमतरता घरच्यांना बहुतेक वेळा ठाऊक नसते.

वस्तू कोणाला देताना सोबत एक चिठ्ठी द्या. त्यावर धागा कुठला, पाणी गार की कोमट, वाळवायचं कसं, एवढं लिहा. आणि उरलेल्या लोकरीपैकी दोनतीन मीटर एका पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळून चिठ्ठीबरोबर ठेवा, त्याच लॉटची. हातमोजा अंगठ्यापाशी पहिल्यांदा विरतो, आणि विरेल तेव्हा तो रंग दुकानात मिळणार नाही.